सुतकात आलेलं हसू आणि अर्धी सोड्याची बाटली

‘वडील जाऊन तीन महिनेही झाले नाहीत, आणि मी सिनेमा बघताना पोट धरून हसले. उलट सख्खा भाऊ समोर आला की अंगाची लाही होते. माझं काही बिघडलंय का?’

हा प्रश्न आम्हा समुपदेशकांकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कधी वडिलांच्या जागी नवरा असतो, कधी भावाच्या जागी जाऊ. प्रश्नात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, नको तिथे आलेलं हसू आणि हवी तिथे न येणारी माफी. विचारणाऱ्याला वाटतं, दोन्हींचं मूळ एकच: आपण माणूस म्हणून खोटे. खाली दिलेली हकिकत सोलापुरातली आहे. तपशील दोन-तीन घरांचे मिसळले आहेत, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. बाईंना ताई म्हणू, त्यांच्या थोरल्या भावाला दादा.

ताई जुळे सोलापुरात राहतात, माहेर पूर्व भागात. घराच्या मागेच शेड, शेडमध्ये टॉवेलचे माग. वडील सप्टेंबरच्या मध्यात गेले आणि ताई आमच्याकडे आल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. निमित्त झालं एका सिनेमाचं. माहेरी भाच्याने टीव्हीवर लावला होता. मयताच्या घरी जमलेले नातेवाईक, प्रेत बाहेरच्या खोलीत, आणि आत कोण कुठे झोपणार यावरून भांडण, अशा जातीचा. ताई हसत सुटल्या. आतल्या खोलीतून आईने फक्त दार लावून घेतलं. त्या दाराच्या आवाजानंतर ताईंना तीन रात्री झोप लागली नाही.

पहिल्या भेटीत आम्ही सिनेमावर बोललो नाही. आधी ठरलेली विचारपूस: झोप किती, जेवण किती, घरचं-कामाचं चालू आहे का, जगणं नकोसं वाटतं का, झोपेच्या गोळ्या किंवा दारू सुरू झाली आहे का. हे प्रश्न सरळ विचारावे लागतात. आडून विचारलं तर उत्तरही आडूनच येतं. ताईंची झोप पाच तासांवर आली होती, बाकी गाडी चालू होती. मग त्यांनी विचारलं, ‘मी कुठल्या टप्प्यावर आहे?’ मोबाईलवर फिरणारे पाच टप्पे त्यांनी वाचले होते: नकार, राग, वाटाघाट, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. जिन्यासारखी एकेक पायरी चढणारं दुःख आम्हाला क्वचितच भेटतं, त्यामुळे हे वेळापत्रक आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवतो.

त्याऐवजी मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक शुट यांची १९९९ सालची मांडणी उपयोगी पडते. दुःखातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो. दुसऱ्यावर गॅसचा नंबर लावणं, पोरांचे डबे, हसणंसुद्धा. ये-जा चालू असेल तर काळजी नको, एकाच काठावर अडकून पडणं वाईट. हे सांगत असताना ताईच म्हणाल्या, ‘मागावरच्या धोट्यासारखं की. इकडून तिकडे गेला नाही तर कापड कसं निघणार? एका बाजूला अडकला की बाबा माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक मारायचे.’ पुढच्या सगळ्या भेटींत आम्ही हाच शब्द वापरला. पुस्तकातल्या शब्दापेक्षा घरातला शब्द रात्री दोन वाजता आठवतो.

हसण्याबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ साली जोडीदार गमावलेल्यांवर केला. साधारण सहा महिन्यांनी त्या माणसांना गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलायला लावलं आणि चेहरे टिपले. बोलताना डोळ्यांपर्यंत पोचणारं खरं हसू ज्यांना येत होतं, त्यांचा राग आणि त्रास कमी आढळला. याचा अर्थ हसलं की बरं वाटतं असा सरसकट नाही, आणि म्हणून कुणाला ‘हस बरं जरा’ म्हणू नये. एवढंच की हसू हे प्रेम कमी असल्याची खूण नाही. उलट वातावरण जितकं ताणलेलं, तितकी छोटी विसंगती मोठी वाटते. मयताच्या घरी कुणाची चप्पल बदलून गेली तरी हसू आवरत नाही ते यामुळेच. मात्र कारण नसताना हसू फुटतं, थांबवता येत नाही, आतून आनंद-दुःख काहीच वाटत नाही, आणि पूर्वी पक्षाघात किंवा डोक्याला मार झाला आहे, तर तो मेंदूविकारतज्ज्ञांचा विषय.

ताईंना हे पटलं, पण चेहरा मोकळा झाला नाही. कारण सिनेमा हे दुसरं हसू होतं. पहिलं दशक्रियेला आलं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. दादाने हात जोडून सांगितलं, ‘बाबा, शेड विकणार नाही.’ कावळा तारेवर. ‘आईला अंतर देणार नाही.’ तारेवरच. मग दादाचा आवाज फुटला, ‘बाबा, चुकलं माझं.’ कावळ्याने पाठ फिरवली. तेवढ्यात दादाच्या खिशातला फोन वाजला. ओल्या हाताने कापायला गेला तर तो स्पीकरवरच सुरू झाला, आणि ध्वनिमुद्रित आवाजातली बाई सगळ्यांसमोर सांगू लागली की आपले वीजबिल थकीत आहे. कावळा झपकन खाली आला आणि पिंडाला चोच लावून गेला. मागाचं लाईटबिल म्हणजे बाबांची जन्माची डोकेदुखी. ताईंनी ओढणी तोंडात कोंबली. खांदे गदगदायला लागले. बायकांना वाटलं पोर रडतेय, त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सांगताना त्या पुन्हा हसल्या आणि मग म्हणाल्या, ‘पण दादा चुकलं म्हणाला तेव्हा त्याने पाठ फिरवली. बाबांनीच माफ केलं नाही, मी कोण करणारी?’

इथे नवशिका समुपदेशक कावळ्याशी वाद घालतो. पक्षी आहे, योगायोग आहे, वगैरे. त्याने काही साधत नाही, समोरचा माणूस फक्त गप्प होतो. आम्ही विचारलं, बाबा रागावले की काय करायचे? ताई म्हणाल्या, ‘बोंबलायचे. शेडच्या बाहेर ऐकू जाईल एवढं. आणि दहा मिनिटांनी चहा मागायचे.’ पाठ फिरवून गप्प बसायचे का कधी? त्या थांबल्या. ‘नाही. ते आई करते.’

दादावरचा राग बाबा गेले त्या रात्रीचा होता, म्हणून दुसऱ्या भेटीत त्या रात्रीचा कागद केला. दुःखात दोष गुंतलेला असेल तर हे काम आधी करावं लागतं, माफीचा विषय त्यानंतर. कोऱ्या कागदावर डावीकडे वेळ, मध्ये ‘तेव्हा काय माहीत होतं’, उजवीकडे ‘आता काय माहीत आहे’. मधल्या रकान्यात उजवीकडचं एक अक्षरही शिरू द्यायचं नाही, सगळी मेहनत त्यातच असते. निकाल कळला की तो आधीपासून दिसत होता असं मनाला वाटू लागतं. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांनी हे दाखवून दिलं. घरातल्या मृत्यूनंतर तर हा भ्रम रोज रात्री नव्याने होतो.

रात्री ९:४०, बाबांच्या छातीत जळजळ. मधल्या रकान्यात: संध्याकाळी भजी खाल्ली होती, पित्ताचा त्रास जुना. १०:२०, दादाने सोडा दिला, अर्धी बाटली प्यायले. ११:५०, दरदरून घाम, एक उलटी. १२:१५, रिक्षा. १२:४०, दवाखाना. १:५५ ला संपलं.

ताईंचं पेन ९:४० आणि १०:२० च्या मध्ये दोनदा थांबलं. तिथे एक ओळ रिकामी सोडली होती. कागदावर सुटलेली जागा आम्ही लगेच भरून घेत नाही, त्या दिवशीही घेतली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच भरली: १०:१०, दादाचा फोन. ‘पित्त असेल, सोडा दे, सकाळी दाखवू.’ हे म्हणणाऱ्या ताई होत्या.

‘दादाला माफ केलं तर मग उरतं कोण?’ त्यांनी विचारलं. ‘मीच की.’

अशा घरांमध्ये हे इतक्या वेळा निघतं की दुसऱ्यावरचा राग वाजवीपेक्षा घट्ट दिसला तर आम्ही त्याच्यामागे काय झाकलंय ते पाहतो. प्रत्येक वेळी काही असतंच असं नाही. काही भाऊ खरोखरच नालायक असतात.

उजव्या रकान्यासाठी ताईंनी कागदपत्रं घेऊन हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. आम्ही वैद्यकीय निवाडा करत नाही आणि कुठल्या समुपदेशकाने करू नये. तिथे कळलं ते असं: बाबांना सोळा वर्षं मधुमेह होता, आणि मधुमेहात हृदयविकाराचा झटका नेहमीच्या कळेशिवाय, नुसती जळजळ, घाम, मळमळ, धाप अशा रूपात येऊ शकतो. लवकर नेलं असतं तर वाचण्याची शक्यता वाढली असती. वाचलेच असते असं कुणी सांगू शकत नाही. ‘काही फरक पडला नसता’ हे सांत्वन खोटं ठरलं असतं आणि ताईंनी ते ओळखलंही असतं. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मधुमेही माणसाला अशी जळजळ आणि घाम एकत्र आला तर सोडा शोधत बसू नये, १०८ ला फोन करून ईसीजीसाठी निघावं.

तिसऱ्या भेटीनंतर गाडी घसरली. न पाठवायचं पत्र हा जुना उपाय आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली लिहिण्याचा जो प्रयोग केला त्यात लोक रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहीत. आम्हीही तेवढंच सांगतो, घड्याळ लावून, कागदावर, दिवसाउजेडी, आणि संपल्यावर दहा मिनिटं भांडी घासा किंवा चालून या. ताईंनी रात्री साडेअकराला मोबाईलवर लिहिलं. आणि अंगठा चुकला. पत्राचा शेवटचा तुकडा, ‘तुझ्यामुळे माझं जे गेलं ते तू परत देऊ शकणार नाहीस’, माहेरच्या ग्रुपवर गेला. दोन मिनिटांत त्यांनी तो पुसला. पण निळ्या खुणा आल्या होत्या.

सकाळी सहाला दादाचं उत्तर आलं. शब्द एकही नाही, घराच्या प्रॉपर्टी कार्डाच्या उताऱ्याचा फोटो. त्याखाली दुसरा मेसेज: ‘तुझं नाव लावायला अर्ज करतो. मी कुणाचं खाल्लं नाही.’

बहीण बापाबद्दल बोलत होती आणि भावाने ते घराबद्दल समजलं. ताई ते दाखवताना हसत होत्या, आणि हसता हसता पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. आमच्याकडची चूक स्पष्ट होती: ‘मोबाईलवर नको’ हे आम्ही सांगितलं होतं, पण का नको ते सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

वाटणीचा विषय निघालाच म्हणून एक पोटतिडकीने. ‘दादाला माफ केलंस ना, मग सही कर’ हे वाक्य आमच्या खोलीत बहिणींच्या तोंडून फार वेळा ऐकू येतं. माफी आणि हक्कसोडपत्र यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण वकिलाला विचारून, आणि शक्यतो वर्षश्राद्धाच्या आधी नको. सुतकी मनाने केलेली सही पुढे दहा वर्षं खुपते.

माफी म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नव्हे, आणि विसरणं किंवा पुन्हा पूर्वीसारखं एका ताटात जेवणंही नव्हे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी या गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या आहेत. एव्हरेट वर्दिंग्टन यांचा भेद त्याहून कामाचा: ठरवून केलेली माफी आणि आतून उतरलेली माफी. पहिलीत माणूस एवढंच ठरवतो की मी सूड उगवणार नाही, टोमणे मारणार नाही, याच्या मुलांवर राग काढणार नाही. ती एका संध्याकाळी होऊ शकते. दुसरी सावकाश येते, मागे जाते, कधी येतच नाही. वर्दिंग्टन यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता, त्यामुळे ते हे नुसतं पुस्तकातून बोलत नाहीत.

ताईंची अडचण सिनेमाने वाढवली होती. ‘तिथे शेवटी सगळे गळ्यात पडतात. मला तर त्याच्या हातचा चहा नको वाटतो.’ काळ्या विनोदाचे सिनेमे दुःखाच्या बाबतीत फार प्रामाणिक असतात आणि माफीच्या बाबतीत घाई करतात. दोन तासांत संपवायचं असतं त्यांना. तरी आम्ही असे सिनेमे वापरतो, कारण त्यात रडणारा माणूस देव होत नाही. त्याला भूक लागते, हिशेब सुचतो, जावयाचा राग येतो. २०२१ च्या ‘पगलैट’मधल्या तरुण विधवेला रडूच येत नाही, भूक मात्र लागते. ‘मलाही तेव्हा वडापाव खावासा वाटला होता’ हे सांगायला त्या पात्रामुळे तोंड फुटतं.

वापरायची रीत साधी आहे. मृत्यूचं कारण आपल्या घरातल्यासारखं असेल तो सिनेमा नको. शेवट आधीच कुणाकडून ऐकून घ्यावा, धक्का हा आपला हेतू नाही. दुपारी, एका विश्वासाच्या माणसाबरोबर, रिमोट आपल्या हातात, आणि एका वेळी पंचवीस-तीस मिनिटं पुरे. नंतर तीन गोष्टी लिहायच्या: कुठे हसू आलं, कुठे आवंढा आला, कुठे उठून जावंसं वाटलं. तिसरी सगळ्यात उपयोगाची. ताई उठल्या होत्या तो प्रसंग रडण्याचाही नव्हता, हसण्याचाही नव्हता. फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही, एवढाच. आत्महत्येने किंवा अपघाती कुणी गेलं असेल, लेकरू गेलं असेल, तो प्रसंग डोळ्यांपुढे जिवंत होत असेल, तर हा प्रयोग घरी करू नये.

चौथ्या भेटीत ताईंनी ठरवून केलेली माफी लिहून काढली. तीन ओळी. त्यातली एक स्वतःसाठी होती. पाचव्या भेटीला दादा आला.

अशा भेटीचे नियम आधी फोनवर दोघांना वेगवेगळे सांगतो. पन्नास मिनिटं. प्रत्येकाला सात मिनिटं, मध्ये बोलायचं नाही. ‘तू नेहमी’ने वाक्य सुरू करायचं नाही. सुरुवात आपल्याकडून जे झालं त्याने. मालमत्तेचा विषय त्या दिवशी नाही. आणि बाहेर पडल्यावर दोघांनी एका गाडीवर घरी जायचं नाही, कारण खोलीत सांभाळलेलं सगळं सात रस्त्याच्या सिग्नलला सांडतं.

ताईंनी १०:१० चा फोन सांगितला. दादा म्हणाला, ‘मला आठवतोय तो. मी कुणाला सांगितला नाही.’ तीन महिने त्याने बहिणीला झाकलं होतं आणि तिला ते त्याच्या अपराधाचं गप्प राहणं वाटत होतं. मग त्याची सात मिनिटं. त्यातली चार तो काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, ‘त्या रात्रीचा अर्धा सोडा अजून फ्रीजमध्ये आहे. फेकवत नाही की ठेववत नाही. बायको रोज त्याच्या मागचं दूध काढते.’

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. कावळ्याचा फोन मात्र निघाला, आणि दादालाही तेव्हा हसू आलं होतं असं कळलं. त्याने ते उपरण्यात लपवलं होतं.

किती दिवस चालणार हे, असं दोघांनीही विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान सहा महिन्यांच्या आत करत नाहीत, आणि अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या पुस्तिकेत मोठ्या माणसांसाठी किमान बारा महिन्यांची अट आहे. त्या मुदतीनंतरही तीव्र ओढ रोजच्या रोज टिकून असेल आणि कामधाम बंद पडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणं नकोसं वाटत असेल तर मुदत बघायची नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

सहावी भेट आम्ही मुद्दाम संक्रांतीनंतर ठेवली. पहिला सण अंगावर येतो. त्यात बाबा दरवर्षी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला पोरांना खांद्यावर घेऊन जायचे आणि मग होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवायचे. तिथे जायचं की नाही हे आधी ठरवून ठेवा, ऐन वेळी ठरवू नका, एवढंच सांगितलं होतं. ताई मिरवणुकीला गेल्या नाहीत, माहेरी गेल्या. वर्षभर सण नाही, म्हणून तिळगूळ नव्हता. सगळे गप्प बसले होते.

भाचा स्वयंपाकघरातून तोंड वाकडं करत आला. हातात ती बाटली, रिकामी. म्हणाला, ‘आत्या, ह्यात गॅसच नाही.’

पोराला काही झालं नाही. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग आई हसली, आधी आई. दादा उठून शेडकडे गेला. तो हसत होता की रडत होता ते ताईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. अर्ध्या तासाने तो आला आणि त्याने सगळ्यांना चहा केला. ताईंनी एक घोट घेतला, बाकीचा तसाच ठेवला. साखर जास्त होती, म्हणाल्या.